मंद आचेवरील भरलेली कोंबडी

कोंबडीच्या पोटात किंवा तिच्याभोवती सारण घालून, भांड्याचे तोंड झाकून, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या किंचित खालच्या उष्णतेवर कित्येक तास शिजविण्याचा एक पाकप्रकार. अमेरिकेत १९७० नंतर ‘स्लो कुकर’ या विजेच्या मंदपाचकामुळे त्याला घरगुती व सोप्या जेवणाचे रूप आले. तथापि ज्या दोन कल्पनांवर हा पदार्थ उभा आहे, त्या दोन्ही फार जुन्या आहेत. थोडे मांस पुष्कळ माणसांना पुरवावयाचे असते म्हणून सारण भरतात, आणि रांधणाऱ्याला चुलीपाशी बसून राहता येत नाही म्हणून आच मंद ठेवतात. पहिली काटकसर मांसाची, तर दुसरी वेळेची. या दोहोंचा इतिहास एकत्र पाहिल्यास हा पदार्थ जितका परका वाटतो तितका तो नाही, हे ध्यानात येते. बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या (ता. माजलगाव) गावच्या चुलीपासूनही तो फारसा दूर नाही.

मंद आचेसाठी ‘मंदाग्नी’ हा संस्कृत शब्द सहज सुचतो. परंतु आयुर्वेदात त्याचा रूढ अर्थ पचनशक्तीची दुर्बलता असा असल्याने स्वयंपाकाच्या संदर्भात तो वापरणे सोयीचे नाही. औषधी तेले व तुपे सिद्ध करताना वैद्यकग्रंथ ‘मृदू अग्नी’चा निर्देश करतात, तो येथे अधिक जवळचा आहे. मराठीने मात्र आपले शब्द स्वतंत्रपणे घडविले आहेत. रटरटू देणे, मुरविणे, वाफ जिरविणे, दम देणे, आहारावर ठेवणे, झाकणावर निखारे घालणे या प्रत्येक वाक्प्रयोगामागे उष्णतेची एक निराळी पायरी आहे. भाजी शिजताना झाकणावर पाणी ठेवण्याची घरोघरची रीत याच वर्गात मोडते. झाकण थंड राहून आतील वाफ थेंबांच्या रूपाने परत खाली पडते, आणि भाजीला पाणी कमी पडल्यास वरचे तापलेले पाणी हाताशी असते. आजच्या मंदपाचकाचे जड काचेचे झाकण हेच काम करते.

या शब्दसंपत्तीचे केंद्र म्हणजे चुलीचा वैल. मुख्य चुलीला लागून, तिच्याशी आतून जोडलेले जे दुसरे तोंड असते, त्याला वैल, कोठे औल, म्हणतात. त्याच्या खाली स्वतंत्र जाळ नसतो. मुख्य चुलीतील ज्वाळेचा व धुराचा जो भाग आतल्या वाटेने तिकडे वळतो, तेवढ्यावरच त्यावरील भांडे तापते. चुलीवर भाकरी होत असताना वैलावर डाळ, कालवण किंवा आंघोळीचे पाणी राहते. वेगळे सरपण न जाळता, वेगळे लक्ष न देता मिळणारी ही उष्णता होय. आणि मंदपाचकाची व्याख्या याहून फारशी वेगळी करता येणार नाही. माजलगाव–धारूर परिसरात सरपणाचेही दोन स्वभाव दिसतात. कापसाच्या पऱ्हाट्या व तुरीच्या तुराट्या भडकन पेटतात आणि लवकर विझतात; त्यांचा जाळ भाकरीला मानवतो. गोवरी व बाभळीचे लाकूड दीर्घकाळ धुमसते आणि निखारा धरून ठेवते. कोणता पदार्थ केव्हा करावयाचा हे पुष्कळदा पिकाने, म्हणजे पर्यायाने सरपणाने, ठरविलेले असते.

मंद आचेचा गुण कोठे दिसतो हे कोंबडीच्या वयावर अवलंबून आहे. अंगणात फिरून दाणे-किडे टिपणाऱ्या गावरान कोंबडीचे, विशेषतः अंडी देऊन थकलेल्या जुन्या कोंबडीचे, मांस चिवट असते. स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या संयोजी ऊतकात कोलॅजेन हे प्रथिन असते. ओलसर उष्णतेत सु. ७०° से.च्या पुढे ते हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिनात रूपांतर होते. या क्रियेला उष्णतेइतकाच वेळही लागतो. आच मोठी केल्याने ती तितक्या प्रमाणात लवकर होत नाही, उलट स्नायूंतील पाणी पिळून निघते व मांस कोरडे पडते. ज्याला आपण ‘रश्शाला आलेला दाटपणा’ म्हणतो तो काही अंशी या जिलेटिनाचाच असतो.

कोंबडी मूळची आशियातील. रानकोंबडीपासून ती माणसाळली गेली. हे घडले ते सिंधू खोऱ्यात असे दीर्घकाळ मानले जात असे. परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने थायलंडमधील बान नॉन वाट येथील इ. स. पू. सु. १६५०–१२५० या काळातील हाडांना अग्रक्रम दिला आणि भात व भरड धान्यांच्या शेतीशी या पक्ष्याच्या माणसाळण्याचा संबंध जोडला. भारतीय ग्रंथांत कोंबडीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आढळतात. चरकसंहितेने तिचे मांस स्निग्ध, उष्ण, बलकारक व वातहर म्हटले आहे. मनुस्मृतीने मात्र द्विजांना गावकोंबडा वर्ज्य ठरविला असून, त्याच श्लोकात लसूण व कांदाही निषिद्ध मानले आहेत. पुढे दख्खनच्या सामिष स्वयंपाकात नेमके हे तीन निषिद्ध पदार्थच एका भांड्यात आले, ही गंमत नोंदवावयास हरकत नाही.

दख्खनमधील राजेशाही पाकशास्त्राचे सर्वांत तपशीलवार वर्णन कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात मिळते. मराठवाड्याचा मोठा भाग त्या वेळी याच घराण्याच्या अंमलाखाली होता. ग्रंथातील ‘अन्नभोग’ या प्रकरणात मांसाचे अनेक प्रकार येतात. त्यांत शूलावर भाजलेले तुकडे आहेत, तसेच आतड्यांत सारण भरून ती निखाऱ्यांवर भाजण्याचा प्रकारही आहे. म्हणजे सारण भरण्याची कल्पना दख्खनला उत्तरेकडून येणाऱ्या बल्लवांनी शिकविली असे मानण्याचे कारण नाही. भरली वांगी, भरली कारली, भरलेले पापलेट अशी जी मालिका मराठी स्वयंपाकघरात आजही चालू आहे, तिच्या मुळाशी हीच वृत्ती दिसते. पश्चिमेकडेही ती प्राचीन आहे. आपीकियुसच्या नावावर असलेल्या रोमन पाकग्रंथात मिरी, सुंठ, कुटलेले मांस, उकडलेला गहूवर्गीय रवा व अंडी यांचे सारण भरलेली कोंबडी सांगितली आहे. धान्य, अंडे व मसाला ही त्या सारणाची त्रयी होय; पुढे देश बदलले तरी ती फारशी बदलली नाही.

मोगल काळात या पदार्थाला लेखी प्रमाण मिळाले. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीमध्ये (सु. १५९०) बादशाही मुदपाकखान्यातील पदार्थांची यादी व त्यांची मापे दिली आहेत. त्यांत ‘मुसम्मन’ नावाचा पदार्थ आहे. कोंबडीची सर्व हाडे मानेच्या बाजूने काढून घ्यावयाची, पक्षी मात्र अखंड ठेवावयाचा. त्यासाठी अर्धा शेर खिमा, अर्धा शेर तूप, पाच अंडी व पाव शेर कांदा, शिवाय धने, आले, मीठ, मिरी व केशर. त्याच यादीत ‘दमपुख्त’ही येतो : दहा शेर मांसास दोन शेर तूप व एक शेर कांदा. फार्सीत ‘दम’ म्हणजे श्वास व ‘पुख्त’ म्हणजे शिजलेले. लखनौच्या नबाब असफउद्दौलाने १७८४ च्या दुष्काळात इमामवाड्याच्या बांधकामावरील मजुरांसाठी रात्रंदिवस देगा चढवून ठेवल्या व त्यातून दमपुख्ताचा जन्म झाला, ही आख्यायिका हॉटेलांच्या खाद्यसूचीतून फार लोकप्रिय झाली आहे. अबुल फज्लची यादी तिच्यापूर्वी जवळजवळ दोनशे वर्षांची असल्याने ती उगमकथा म्हणून टिकत नाही. मात्र मजूर, दुष्काळ व झाकलेली देग यांचा संबंध लोकांना खरा वाटावा यातही काही अर्थ आहे.

बीड परिसरावर बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल व १७२४ नंतर हैदराबादचे निजाम अशा सत्ता क्रमाने आल्या. धारूरचा किल्ला १५६७ मध्ये आदिलशाही सरदार किश्वरखान याने बांधला. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे दम देण्याची रीत येथे दरबाराबरोबरच लष्करी छावण्यांतून व लग्नकार्यांच्या देगांतून पसरली. औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) प्रसिद्ध नान-खलिया हा पदार्थ मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस हलविली त्या वेळच्या फौजेबरोबर आला असे सांगतात. हे सांगणे कागदोपत्री सिद्ध झालेले नसले, तरी मोठ्या देगेत दीर्घकाळ मुरणाऱ्या मांसाची परंपरा या भागात खोलवर रुजली आहे, यात शंका नाही.

भरलेली कोंबडी आणि रात्रभराची मंद आच या दोन्ही गोष्टी अगदी एकत्र पाहावयाच्या तर महाराष्ट्रात त्याचे उदाहरण मुंबई व पुणे येथील बगदादी ज्यू समाजात मिळते. ज्यू धर्मशास्त्रानुसार शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ पाळावयाचा असतो व त्या दिवशी घरात विस्तव पेटविण्यास निर्गम या ग्रंथात स्पष्ट मनाई आहे. अन्न शिजविणेही निषिद्ध. गरम अन्न खाण्यास मात्र बंदी नाही. उलट शब्बाथचे जेवण चांगले असावे अशी अपेक्षा असते. या पेचातून एक संपूर्ण पाकशास्त्र निर्माण झाले. इ. स. सु. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथाच्या शब्बाथविषयक भागात, शुक्रवारी भांडे कशात गुंडाळून ठेवावे याची चर्चा एका स्वतंत्र प्रकरणात केली आहे. ऑलिव्हचा चोथा, शेणखत, मीठ, चुना व वाळू यांत भांडे पुरू नये, कारण या वस्तू उष्णता वाढवितात. कपडे, धान्य, कबुतराची पिसे, सुताराचा भुसा यांत ठेवण्यास हरकत नाही, कारण ते असलेली उष्णता फक्त टिकवितात. उष्णता वाढविणे व टिकविणे यांतील हा भेद पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा असून तो धर्मशास्त्राच्या निमित्ताने इतक्या पूर्वी मांडला गेला, हे लक्षणीय आहे.

बगदादच्या ज्यूंनी शब्बाथसाठी जो पदार्थ केला त्याचे नाव ‘तबीत’. रात्र घालविणे या अर्थाच्या अरबी धातूपासून ते आले आहे. ‘हमीन’, म्हणजे गरम, असे हिब्रू नावही आहे. अखंड कोंबडीच्या पोटात तांदूळ, बारीक केलेले मांस, टोमॅटो, वेलदोडा, दालचिनी व हळद यांचे सारण भरून ती शिवतात. तिला प्रथम परतून पाण्यात चांगली उकळी आणतात, भोवती आणखी तांदूळ घालतात व शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी भांडे विझत्या निखाऱ्यांवर, जाड कापडांत गुंडाळून ठेवतात. झाकणावर किंवा भाताच्या वर कवचासकट अंडी ठेवण्याची चाल आहे. सकाळपर्यंत ती तपकिरी होतात व न्याहारीस आधी काढून घेतली जातात. दुपारी भांडे उघडले की तळाशी भाताची खरपूस खरवड असते. डेव्हिड ससून बगदादहून निघून १८३२ च्या सुमारास मुंबईत स्थायिक झाल्यानंतर हा समाज येथे वाढला. भायखळ्याचे मागेन डेव्हिड (१८६१), पुण्याचे लाल देऊळ या नावाने परिचित असलेले ओहेल डेव्हिड (१८६७) व मुंबईच्या कोट भागातील केनेसेथ एलियाहू (१८८४) ही प्रार्थनामंदिरे त्या भरभराटीची साक्ष देतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थलांतरामुळे हा समाज फारच थोडा उरला. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाची गोष्ट निराळी. तेलाचा घाणा चालविणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. मांसाबरोबर दूध-दुभते वर्ज्य असल्याने त्यांच्या कालवणांत नारळाचे दूध आले. एका गावातील घाणा आठवड्यातून एक दिवस का थांबतो, हे शेजाऱ्यांना समजण्यापूर्वी त्याचे नाव ठेवले गेले होते.

पूर्व युरोपातील ज्यूंनी याच गरजेतून ‘चोलंट’ हे कडधान्य, बटाटे व मांस यांचे कालवण केले. शुक्रवारी सायंकाळी प्रत्येक घरातील भांडे गावच्या भटारखान्यात पोहोचविले जाई व भट्टीच्या उरलेल्या धगीवर ते रात्रभर राही. लिथुएनियातील अशाच एका गावची आठवण शिकागोतील संशोधक अर्व्हिंग नॅक्सन यांना त्यांच्या आईकडून ऐकावयास मिळाली. भांड्याच्या तळाशीच नव्हे तर चोहोबाजूंनी उष्णता पोहोचविणाऱ्या विजेच्या पात्रासाठी त्यांनी १९३६ मध्ये अर्ज केला व १९४० मध्ये त्यांना एकस्व मिळाले. पुढे त्यांचा उद्योग कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने विकत घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते पात्र बाजारात आणले. आतील मातीचे चिनी भांडे बाहेर काढून धुता येईल अशी सोय १९७४ मध्ये झाली. घराबाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या अमेरिकेत झपाट्याने वाढण्याचा हाच काळ होता, आणि ‘तुम्ही दिवसभर बाहेर असताना रांधणारे भांडे’ या अर्थाची जाहिरात त्यांनाच उद्देशून होती. शब्बाथच्या निर्बंधातून आलेली युक्ती अशा रीतीने कार्यालयीन वेळापत्रकाच्या कामी आली.

त्याच सुमारास, १९७२ मध्ये, जनरल फूड्स या कंपनीने पावाच्या वाळविलेल्या तुकड्यांचे तयार मसालेदार सारण विक्रीस आणले. ते पक्ष्याच्या पोटात न भरता चुलीवर स्वतंत्र करावयाचे होते. या दोन वस्तूंच्या संयोगातून सोप्या जेवणाचा जो प्रकार रूढ झाला त्यात कोंबडीच्या छातीचे बिनहाडी तुकडे तळाशी ठेवतात, डब्यातील घट्ट सूप त्यावर ओततात, वर कोरडे सारण थोड्या पाण्यात किंवा लोण्यात भिजवून पसरतात आणि मंद मात्रेवर चार ते सहा तास ठेवून देतात. कोंबडीचा रस वर चढून पावात मुरतो. येथे सारण पक्ष्याच्या पोटातून बाहेर पडले आहे. काही पाकविशारदांना हे अधःपतन वाटते. परंतु त्यामागे आरोग्याचे सबळ कारण आहे व त्याचा विचार पुढे येईल.

भारतात मात्र मंदपाचक रुजला नाही. येथे दाबपाचकाने, म्हणजे प्रेशर कुकरने, घर जिंकले. याचा अर्थ मंद आचेची उपकरणे येथे अज्ञात होती असा नव्हे. बंगालमधील डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये ‘इकमिक कुकर’ तयार केला. पितळी नळकांड्यात एकावर एक डबे ठेवून खाली थोडा कोळसा पेटवावयाचा व निघून जावयाचे; परतेपर्यंत भात, वरण व मांस शिजून तयार. एकटे राहणारे नोकरदार, विद्यार्थी व प्रवासी यांना तो फार सोयीचा वाटला. युरोपात १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेची उष्णतारोधक पेटी गाजली होती. तिच्यापासून निघालेल्या गवताच्या पेट्या दोन्ही महायुद्धांच्या काळात इंधनटंचाईमुळे घरोघर वापरल्या गेल्या. भारतात १९५९ पासून दाबपाचकांचे उत्पादन सुरू झाले. त्यात वाफेचा दाब वाढून उष्णता सु. १२०° से.पर्यंत जाते व डाळ अर्ध्या तासाच्या आत शिजते. रॉकेल, कोळसा व पुढे गॅस या सर्वच इंधनांची चणचण असलेल्या देशात वेळ व इंधन एकदम वाचविणारे साधन लोकांनी पसंत केले यात नवल नाही. मंदपाचकाची शक्ती साधारण २०० वॅट धरली तर आठ तासांत १.६ युनिट वीज लागते. हा आकडा मोठा नाही, पण ती आठ तास अखंड मिळाली पाहिजे. आणि २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात रोज कित्येक तासांचे भारनियमन होते. शिवाय मराठी जेवणात भाकरी किंवा पोळी ऐनवेळी, ताजी करावी लागते. कालवण आपोआप शिजले तरी रांधणारीची चुलीपासून सुटका होत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते मंदपाचक येथे मागे पडण्याचे हे सर्वांत खरे कारण असून त्याकडे क्वचितच लक्ष दिले गेले आहे.

दिंद्रुडच्या परिसरात या प्रश्नाला विशेष धार आहे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेतलेली हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. पती-पत्नीची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजली जाते. फडाजवळ कोपी उभारलेली असते, तिच्यापुढे तीन दगडांची चूल. या चुलीला वैल नसतो. स्त्रीला पहाटे, पुष्कळदा तीन-चार वाजता, उठून दिवसभराच्या भाकरी व कालवण करून मगच फडात जावे लागते आणि परतल्यावर पुन्हा चूल पेटवावी लागते. जिच्या श्रमाचे मोल अर्ध्या कोयत्यात धरले जाते, तिच्या चुलीपुढील तासांची नोंद कोणत्याही हिशेबात नसते. रांधणाऱ्याच्या गैरहजेरीत शिजणाऱ्या अन्नाची गरज ज्यांना सर्वांत अधिक, त्यांच्यापाशी भिंतीला जोडलेली पक्की चूल नाही आणि विजेचे बटणही नाही. प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने २०१६ पासून गावातील घरांत गॅसजोडण्या पोहोचल्या, तरी सिलिंडर पुन्हा भरून आणण्याचा खर्च व हंगामी स्थलांतर यांमुळे चूल सुटलेली नाही.

या भागात कोंबडी अखंड भरून शिजविण्याची घरगुती चाल सामान्यतः आढळत नाही. एक कोंबडी आठ-दहा ताटांत वाढावयाची तर तिचे तुकडे करून भरपूर रस्सा करणे हाच मार्ग असतो. सारण पोटात भरणे व मसाला रश्श्यात घालणे हे दोन्ही मांस पुरविण्याचेच उपाय होत. सुके खोबरे, तीळ, शेंगदाणे, भाजलेला कांदा व लसूण यांचे जे वाटण रश्श्यात जाते, तेच कमी पाण्यात घट्ट ठेवले तर सारण होते. पाश्चात्त्य सारणात पावाचे जे काम, ते येथे येसर करू शकते. बाजरी, ज्वारी, डाळी इ. भाजून मसाल्यासह दळलेले हे पीठ रश्श्याला दाटपणा आणते. शिळ्या भाकरीचा बारीक कुस्कराही तितकाच उपयोगी पडतो.

या सामग्रीतून गावच्या चुलीवर हा पदार्थ पुढीलप्रमाणे साधतो. सु. सव्वा किग्रॅ. वजनाची साफ केलेली गावरान कोंबडी हळद, मीठ व आले-लसूण लावून तासभर ठेवावी. काळीज व पेटा बारीक चिरून कांद्याबरोबर तेलात पूर्ण शिजवावा. त्यात भाजलेले खोबरे-तीळ-शेंगदाण्यांचे कूट, दोन चमचे येसर किंवा मूठभर भाकरीचा कुस्करा, कोथिंबीर व उकडलेल्या अंड्याचे तुकडे घालावे. हे सारण गरम असतानाच, सैलसर भरावे. ठासून भरल्यास मध्यापर्यंत उष्णता पोहोचत नाही. पाय दोऱ्याने बांधून कोंबडी जाड बुडाच्या पातेल्यात सर्व बाजूंनी परतावी, मसाला घालावा व निम्मी बुडेल इतके उकळते पाणी ओतावे. यानंतर मुख्य चुलीवर किमान पंधरा मिनिटे चांगली खळखळून उकळी येऊ द्यावी. मग झाकणाच्या कडेला मळलेली कणीक लावून (ज्वारीच्या पिठाला तेवढा चिकटपणा नसतो) पातेले वैलावर किंवा गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर ठेवावे व झाकणावरही थोडे निखारे घालावे. जुन्या कोंबडीस तीन तास किंवा अधिक लागतात. बाजारातील ब्रॉयलरला इतका वेळ मुळीच देऊ नये. सहा आठवड्यांत वाढलेल्या या पक्ष्यात विरघळण्याजोगे चिवट ऊतक फार थोडे असते, त्यामुळे तासाभरातच हाडे मोकळी होऊन मांसाचा भुगा होतो. व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना १९७१ ची, म्हणजे क्रॉक-पॉट बाजारात आला त्याच वर्षीची. भारतात मंदपाचकाला योग्य अशी कोंबडी बाजारातून हटू लागली ती साधारण तेव्हापासूनच.

आधी उकळी, मग मंद आच हा क्रम तबीतमध्ये आहे आणि वैलावरच्या कालवणातही आहे. रुचीपेक्षाही तो आरोग्याशी अधिक निगडित आहे. सु. ५° ते ६०° से. या दरम्यान अन्नातील जंतू वेगाने वाढतात. थंड कोंबडी थंड भांड्यात ठेवून मंद मात्रा लावल्यास हा टप्पा ओलांडण्यास फार वेळ लागतो, आणि पोटातील सारण तर सर्वांत शेवटी तापते. क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिन्जेन्ससारख्या जंतूंची बीजाणूरूपे उकळीतूनही वाचतात व अन्न कोमट राहिल्यास पुन्हा वाढतात. म्हणून शिजलेले भांडे निखारे विझल्यावर रात्रभर तसेच ठेवणे धोक्याचे असते. सारणाच्या मध्यभागी ७४° से. उष्णता गाठली गेली पाहिजे असा दंडक आहे. अमेरिकेतील कृषिखात्याने मंदपाचकात अखंड भरलेला पक्षी शिजवू नये, गोठविलेले मांस त्यात थेट घालू नये, आणि घरी कोणी नसताना वीज गेल्यास ते अन्न टाकून द्यावे असे बजाविले आहे. सारण पोटाबाहेर पसरण्याची अमेरिकन गृहिणींची सोपी रीत या दृष्टीने अधिक सुरक्षित ठरते. राजम्याच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. त्यातील विषारी लेक्टिन मंद उष्णतेत नष्ट होत नाही, म्हणून तो भिजवून, ते पाणी टाकून, स्वतंत्रपणे खळखळून उकळल्याखेरीज मंदपाचकात घालू नये.

अलीकडे शहरांतून व परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांतून दाबपाचक व मंदपाचक यांची कामे एकाच भांड्यात करणारी विजेची यंत्रे आली आहेत. २०१० मध्ये कॅनडात निघालेला ‘इन्स्टंट पॉट’ हा त्यांतील सर्वांत परिचित होय. त्यांवरील मंद आचेचे बटण मराठी घरांत क्वचितच दाबले जाते, असे आढळते. रविवारच्या कोंबडीसाठी शिट्टीच पसंत केली जाते, आणि गावाकडील पक्क्या चुलीवर, भाकऱ्या संपल्यावर, पातेले वैलाकडे सरकविले जाते.